मलावीत ताप आला तर काय करायचं

मलावीला नोकरीला जाणारे बरेच जण मलेरियाचं विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहितोय. तिकडचा मलेरिया बहुतेक करून फाल्सिपेरमचा, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात घातक जंतूचा, आज नुसती कणकण वाटतेय आणि दोन दिवसांत मेंदूवर जातो असं होऊ शकतं, त्यामुळे ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, क्रोसिन घेऊन ऑफिसला जायचं नाही आणि अंदाजाने मलेरियाच्या गोळ्याही सुरू करायच्या नाहीत. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळ्यात तर जास्तच सांभाळा, मच्छरदाणी रोज, रोज म्हणजे रोज.

टेस्ट सोपी असते, बोटाला टोचून थेंबभर रक्त किटच्या खाचेत टाकतात, मग बफर, म्हणजे किटसोबतच्या द्रवाचे थेंब, आणि साधारण १५-२० मिनिटं थांबायचं. किटवरच्या सी (C) या अक्षरासमोर रेघ आली नाही तर किट बाद, दुसरं वापरायला सांगा. टी (T) समोरची रेघ अगदी फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरायचं. महिनाभरात मलेरिया होऊन गेला असेल तर आधीच सांगा, कारण बरं झाल्यावरही काही आठवडे रेघ येत राहते, मग स्लाइड, म्हणजे काचपट्टीवरचं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघावी लागते.

औषध एलए, म्हणजे आर्टेमेथर-लुमेफँट्रिन, पाकिटावर मुंबईच्या कंपनीचं नाव दिसू शकतं. मोठ्या माणसाला ४ गोळ्या, ८ तासांनी परत ४, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ४-४, एकूण २४. रिकाम्या पोटी घेऊ नका, दूध किंवा शेंगदाणे असं काही स्निग्ध सोबत हवं नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. तासाभरात उलटी झाली तर तो डोस परत घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि लोक गोळ्या सोडतात, प्लीज असं करू नका. प्रेग्नंट असाल तर गोळी घ्यायच्या आधी सांगा.

असंबद्ध बडबड, झटके, उभं राहता न येणं, डोळे पिवळे, लघवी काळपट, यातलं एक जरी दिसलं तरी गोळ्यांवर विसंबू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा, लिलाँग्वेत कामुझू सेंट्रल, ब्लँटायरला क्वीन एलिझाबेथ. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागतं.

सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत पण हेल्थ पासपोर्ट नावाची छोटी वही न्यावी लागते, सगळं त्यात लिहितात, जपून ठेवा. तपासायला बहुतेक वेळा डॉक्टर नसून क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेला पण उपचारांचं शिक्षण घेतलेला माणूस असतो, त्याला कमी लेखू नका, जिल्ह्याच्या हॉस्पिटलांत सिझेरियनसुद्धा हीच माणसं करतात. नर्स फार कमी आहेत, म्हणून अ‍ॅडमिट झालेल्याचं जेवण, अंघोळ, कपडे सगळं सोबतचा माणूस बघतो, त्याला गार्डियन म्हणतात. एकटे राहत असाल तर असा एक मित्र आत्ताच ठरवून ठेवा. कधी कधी औषधं संपलेली असतात, बाहेरून आणायला थोडी कॅश जवळ असू द्या. आणि परदेशी म्हणून लाइन मोडून पुढे जाऊ नका, पाठीला लेकरू बांधून कितीतरी लांबून चालत आलेल्या बाया त्या लाइनीत असतात.

तुमच्या ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या बाईंना ताप आला तर पगार न कापता सुट्टी द्या आणि टेस्टला पाठवा.

लसीचं पण विचारतात. मलावीत २०१९ पासून मुलांना मलेरियाची लस देतात, पुण्याच्या सीरमची आर२१ सुद्धा लहान मुलांसाठीच आहे, मोठ्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये.

भारतात परत आल्यावर पुढचे काही महिने ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी मलावीहून आलोय, नाहीतर व्हायरल म्हणून दोन दिवस वाया जातात.