भाडेकरू घर सोडत नाही? इंदूरच्या घरमालकांनो, या चुका टाळा

आमच्या काकूंचं घर लोकमान्य नगरात. काका गेल्यावर खालचा मजला भाड्यानं दिला. करारनामा पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर पाठवला होता, वर ठळक अक्षरात 'लीव्ह अँड लायसन्स' (म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, नुसती राहायची परवानगी). अकरा महिने संपले, मुलगा हैदराबादहून बायकोसह कायमचा परत यायचा होता, म्हणून काकू खाली सांगायला गेल्या. किरायेदार (इंदुरी मराठीत आपण हेच म्हणतो, तेव्हा इथेही तेच चालू द्या) हसून म्हणाला, "बघू ना काकू, जाऊन जाऊन कुठं जाणार?"

काकूंची खरी चूक त्या पुण्याच्या करारनाम्यातच होती. महाराष्ट्रात लायसन्सची मुदत संपली की १९९९ च्या तिथल्या भाडे कायद्यात ताबा मिळवायची वेगळी, झटपट वाट आहे. ती वाट नर्मदेच्या अलीकडे चालत नाही. इथं लागतो मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. त्याचं कलम १२ म्हणतं की करारात काहीही लिहिलेलं असो, कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादं असल्याशिवाय किरायेदाराला काढण्याचा दावा लावताच येणार नाही. 'मुदत संपली' हे कारण त्या यादीत नाही. आणि कागदाच्या डोक्यावर 'लायसन्स' लिहिल्यानं भाडं लायसन्स होत नाही. घर प्रत्यक्षात कुणाच्या एकट्याच्या ताब्यात होतं, हे न्यायालय बघतं.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी स्वतःला विचारा, माझं कारण कोणतं? भाडं थकलंय, परस्पर पोटभाडेकरू ठेवलाय, घराचं मोठं नुकसान केलंय, परवानगीशिवाय भिंती पाडून बांधकाम केलंय, सहा महिने घर विनाकारण बंद ठेवलंय, त्याला राहण्याजोगं स्वतःचं घर मिळालंय, की आपल्याला खरोखर राहायला हवंय? चार कारणं कच्ची लिहिण्यापेक्षा एक पक्कं लिहा.

थकबाकीच्या दाव्यात लोक घाईनं हरतात. आधी थकबाकीची मागणी करणारी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून दोन महिने किरायेदाराला पैसे भरायला असतात. चाळीसाव्या दिवशी दावा लावला तर कारणच तयार झालेलं नसतं. नोटिशीत रंगकाम, जुनं वीजबिल, 'मानसिक त्रास' असं सगळं एकाच रकमेत घालू नका. भाडं किती महिन्यांचं, दरमहा किती, एवढंच लिहा. तीन वर्षांपलीकडची थकबाकी वसुलीच्या कायदेशीर मुदतीत बसत नाही. दावा लागल्यावरही त्यानं समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात भाडं जमा केलं आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहिला, तर या कारणावर त्याला काढता येत नाही. पण ही सवलत एकदा घेऊन त्यानं पुन्हा सलग तीन महिने भाडं चुकवलं, तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून महिन्यामहिन्याचा हिशोब ठेवा.

मुद्दाम भाडं न घेण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच, म्हणे थकबाकीदार ठरेल. उलट होतं. मनीऑर्डर परत गेल्याची पावती त्याच्या हातात राहते, आणि तो भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) रक्कम जमा करू शकतो.

काकूंना शेजारच्यांनी दुसरा मंत्र दिला, "नळ बंद करा, आपोआप जाईल." एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी तोडणं सोपं आहे, पण अत्यावश्यक सोय बंद करायला घरमालकाला कायद्यानं मनाई आहे. कुलूप बदलणं तर त्याहून वाईट. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथं घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच विचारला जात नाही.

आता 'स्वतःला राहायला हवं' या कारणाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दावे इथंच बिघडतात. तुम्ही मालक हवेत, गरज खरी हवी, आणि शहरात तुमच्या ताब्यात राहण्याजोगं दुसरं घर नको. सुदामा नगरातला रिकामा फ्लॅट लपवलात आणि उलटतपासणीत तो निघाला, तर बाकीचा पुरावाही पडतो. फ्लॅट असेल तर आधीच सांगा आणि तो का पुरत नाही ते दाखवा: जिना चढवत नाही, एकच खोली आहे. कायद्याच्या व्याख्येत मुलगा सरळ येतो. मुलीच्या बाबतीत मात्र शब्द 'अविवाहित' आहे, म्हणून लग्न झालेल्या मुलीसाठी मागताना ती तुमच्यावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. मला हा भेद पटत नाही, पण १९६१ चा कायदा आहे. घर विकत घेतलेलं असेल तर खरेदीपासून एक वर्ष या कारणावर दावा लावता येत नाही.

काकूंच्या बाबतीत दारच चुकणार होतं. वकीलसाहेबांनी दिवाणी न्यायालयाचा मसुदा तयार केला होता. विधवा, घटस्फोटिता, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि अपंग घरमालकांना मात्र स्वतःच्या गरजेसाठी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायची सोय आहे. तिथं किरायेदाराला विरोध करण्याचीही परवानगी मागावी लागते, समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, शपथपत्रासह. थकबाकीसाठी हे दार नाही.

काका गेल्यावर नगर निगमात नामांतरण (घर काकूंच्या नावावर चढवणं) करून किरायेदाराला लेखी कळवायचं राहिलं होतं. ते आधी केलं. नाहीतर "मालक कोण?" यावरच दोन पेश्या (सुनावणीच्या तारखा) गेल्या असत्या.

शेवटी किरायेदारानं चार महिने मागितले आणि तडजोड झाली. तेव्हा वकीलसाहेबांनी एक वाक्य आग्रहानं लिहवून घेतलं, ते मला मोलाचं वाटतं: 'घरमालकिणीची राहण्याची गरज खरी आहे हे गैरअर्जदार (म्हणजे किरायेदार) मान्य करतो.' भाडे कायद्यात नुसतं 'दोघांचं जमलं' एवढ्यावर काढण्याचा आदेश टिकत नाही, कारण दिसावं लागतं.

खालच्या मजल्यावर आता मुलगा-सून राहतात. एक खोली विद्यार्थ्याला द्यावी असं सुनेच्या मनात आहे, पण गरजेपोटी मिळवलेलं घर, पूर्ण किंवा थोडं, दोन वर्षं प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुन्हा भाड्यानं देता येत नाही. काकूंनी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.