चार तासांचं लग्न एका डीव्हीडीत कोंबू नका

ठाण्यात, नौपाड्यात गेली वीस-बावीस वर्षं मी घरगुती कॅसेटी डिस्कवर उतरवून द्यायचं काम करतोय. आधी व्हीएचएसच्या व्हीसीडी केल्या, मग मिनी-डीव्हीच्या (हँडीकॅमच्या छोट्या टेपच्या) डीव्हीडी, आणि आता लोक त्याच डीव्हीडी घेऊन येतात व पेनड्राइव्हमध्ये भरून मागतात. चुका मात्र त्याच. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्यही ठरलेलं: "डिस्क खराब झाली हो, पिक्सेल फुटतायत." बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. वाट लागलेली असते ती व्हिडिओ कॉम्प्रेस करतानाच.

आधी एवढं तपासा. डिस्क खराब असेल तर चित्र अडकतं, हिरवे-गुलाबी तुकडे चिकटून बसतात, आवाज तुटतो, आणि दुसऱ्या प्लेअरवर तीच जागा कधी नीट चालूनही जाते. कॉम्प्रेशनचा दोष असेल तर कुठलाही प्लेअर लावा, त्याच सेकंदाला तेच चौकोन दिसणार आणि हालचाल थांबली की विरणार. हे न बघताच डिस्कला टूथपेस्ट चोळणारे महाभाग आहेत. नका चोळू.

अंतरपाट दूर झाला आणि नवरी गायब

हा गाढवपणा मी स्वतः केलाय. २००५ च्या सुमाराची गोष्ट. लग्नाच्या चार मिनी-डीव्ही टेप, एकूण चार तास. मुलीचे वडील म्हणाले, "एकाच डीव्हीडीत बसवा, पाहुण्यांना वाटायला बरं." सॉफ्टवेअरमध्ये 'फिट टू डिस्क'चं बटण होतंच. दाबलं आणि जेवायला घरी गेलो.

आठवड्याने ते दुकानात आले. चिडले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "सीमांतपूजन छान आलंय, पंगतीही छान. पण अक्षता पडल्या तेव्हा आमच्या मुलीला तोंडच नाही हो." लावून पाहिलं. मुंडावळ्यांमागे चेहऱ्याच्या जागी आठ-दहा गव्हाळ फरशा, नथ त्यात विरघळलेली. गर्दी जरा स्थिरावली तसा चेहरा हळूहळू परत आला.

एमपीईजी-२, म्हणजे डीव्हीडीची कॉम्प्रेशनची पद्धत, प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. ते फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि म्हणतं, हा चौकोन मघाशी तिथे होता, आता जरा इकडे सरकवा. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीवर फार तर पंधराएक फ्रेम असं भागवता येतं, मग एक फ्रेम पूर्ण लिहावीच लागते. पंगतीत माणसं बसलेली, कॅमेरा स्टँडवर, म्हणून ही युक्ती फार स्वस्तात चालते. अक्षतांचं तसं नाही. हवेतला एकही दाणा मागच्या फ्रेममध्ये त्या जागी नव्हता. वर फोटोग्राफरचे फ्लॅश, म्हणजे एक फ्रेम पांढरी फटक आणि पुढची पुन्हा काळपट. सरकवण्याजोगं काही उरतच नाही. अशा क्षणी बिट, म्हणजे डिस्कवरची जागा, भरमसाठ लागतात, आणि ते नसले की बारकाव्यांवर कात्री चालते. बारकावे म्हणजे नथ, पापण्या, शालूचा काठ.

हिशोब साधा आहे. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. चार तासांच्या १४,४०० सेकंदांत वाटले की सेकंदाला २.६ मेगाबिट येतात, त्यातून आवाज वजा करा. डीव्हीडीवर नुसत्या चित्राला ९.८ पर्यंत मुभा असते. मी शंभर पानांच्या स्वयंपाकात चारशे पानं उठवायला निघालो होतो.

टेप नशिबाने माझ्याकडेच होत्या. तीन डिस्क करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझा नेम: एका डिस्कवर दीड तास, सेकंदाला ६ मेगाबिट, टू-पास (सॉफ्टवेअर व्हिडिओ आधी एकदा बघून अंदाज घेतं, मग दुसऱ्यांदा लिहितं), आवाज एसी-३ म्हणजे कॉम्प्रेस केलेला. आवाज पीसीएम, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला, ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो. फारच गळ घातली तर दोन तास. आणि पूर्ण काम लावायच्या आधी फक्त अक्षतांचं एक मिनिट बनवून बघतो. ते टिकलं की बाकीच्या लग्नाची काळजी नाही. नवीन मुलं नेमकं उलटं करतात: सुरुवातीचा गणपती आणि फिरती अक्षरं बघून "मस्त आलंय" म्हणतात. टू-पासला माझ्या जुन्या मशीनवर रात्र जायची. जाऊ दे की. लग्न दोन दिवस चाललं होतं.

लेझीमवाल्यांचे हात थरथरतात तेव्हा

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे फील्ड ऑर्डर. आपल्या पाल व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची: एकात विषम रेघा, दुसऱ्यात सम, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. कुठलं आधी, ती फील्ड ऑर्डर. मिनी-डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. व्हीएचएस उतरवायच्या बऱ्याच कार्डांत वरचं. सॉफ्टवेअरला उलटं सांगितलंत की प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे.

एका मुलाने गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची डिस्क आणली होती. कौपिनेश्वराच्या देवळापासूनचं शूटिंग, रंग सुरेख, पण लेझीमचे हात बघवत नव्हते, हिवताप भरल्यासारखे. तो म्हणे, कॉम्प्युटरवर तर व्यवस्थित दिसतं. दिसणारच, तिथला प्लेअर दोन्ही फील्ड एकत्र कालवून दाखवतो. म्हणून दुकानात मी एक २१ इंची जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही ठेवलाय, भंगारवाल्याला त्याच्याकडे बघूही देत नाही. माझ्या पद्धतीने तपासायचं तर आडवी हालचाल असलेला तुकडा निवडा. ठाणे स्टेशनात शिरणारी लोकल उत्तम. डबे सरळ सरकले तर ठीक, खिडक्या नाचल्या तर ऑर्डर बदला. त्यावर 'डीइंटरलेस' (दोन फील्डची एकच फ्रेम करणं) मारून मोकळं होणं हा आळस आहे, त्यात अर्ध्या रेघा बऱ्याचदा कायमच्या जातात.

बाकीचं पटापट.

टीव्हीची शार्पनेस पूर्ण चढवलेली असते आणि लोक डिस्कला नावं ठेवतात. कडांभोवती डासांसारखी वळवळ दिसते ना, तर शार्पनेस आधी खाली आणा.

जुना ४:३ व्हिडिओ ताणून १६:९ करू नका. आजी जाड होते.

अमेरिकेतल्या भाच्याला पाठवायची डिस्क पालमध्ये केलीत तर त्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. आधी विचारा.

व्हीसीडीची डीव्हीडी केली की क्वालिटी वाढते, हा गैरसमज काही केल्या जात नाही. व्हीसीडीत आहेच ३५२ बाय २८८ आणि सेकंदाला ११५० किलोबिट. ते मोठं करून पुन्हा कॉम्प्रेस केलं की जुन्या चौकोनांवर नवे चौकोन. गंमत म्हणजे डीव्हीडीला व्हीसीडीचं हे एमपीईजी-१ पद्धतीचं चित्र जसंच्या तसं चालतं, फक्त आवाज ४४.१ चा ४८ किलोहर्ट्झ करावा लागतो. दहा मिनिटांचं काम. पण सांगतं कोण, पुन्हा एन्कोड करायचे पैसे जास्त मिळतात.

डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेतानाही तेच. व्हीओबी फायली (डीव्हीडीतला मूळ व्हिडिओ) आधी आहेत तशा उतरवून ठेवा. मोबाइलसाठी छोटी एमपी४ हवी तर त्यावरून वेगळी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली फाइल मला 'मूळ प्रत' म्हणून देऊ नका.

टेप फेकू नका, डिस्क कितीही छान झाली तरी. फक्त आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर आणताना आधी सांगा. टेप तुमची असली तरी व्हीसीआरचं हेड माझं आहे.