आजी-आजोबांना दिसेनासं झालंय? मग ही कामं या क्रमाने करा

आधी डोळ्यांचे डॉक्टर, कागदपत्रं नंतर. वय झालं की कमी दिसणारच असं म्हणून त्यांना घरात बसवू नका प्लीज, कारण मोतीबिंदू असेल तर सरकारी दवाखान्यात फुकट ऑपरेशन होतं आणि बहुतेकांना पुन्हा नीट दिसायला लागतं. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, उरलेली टिकवायची म्हणून ड्रॉप्स एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत.

उपचार करून, चष्मा लावूनही दिसत नसेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. स्वावलंबन कार्डच्या सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते आधी फोन करून विचारा, म्हाताऱ्या माणसाला उगाच हेलपाटा नको, आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं की बहुतेक सवलती लागू होतात. एसटीत ७५ वर्षांच्या पुढे तसाही प्रवास फुकट आहे, पण पूर्ण अंध असतील तर रेल्वेत स्लीपरला ७५ टक्के सूट मिळते, सोबतच्या एका माणसालाही.

आता बँक, इथे मला खरंच राग येतो. दिसत नाही म्हणून खातं मुलाच्या नावावर करा, एटीएम देता येणार नाही असं काउंटरवर सांगतात, आणि घरचेही मान डोलावतात! रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे, न दिसणाऱ्या माणसाला चेकबुक, एटीएम, लॉकर काहीच नाकारता येत नाही. नकार दिला तर तो लेखी मागा. ७० च्या वर वय असेल किंवा दिसत नसेल तर घरी पैसे आणून देण्याची सोय पण बँकेने करायची असते, ती मागा. आणि बोलणं आजोबांनाच करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) चालू करून भाषा मराठी ठेवा, बोट लावलं की नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. रोज थोडं थोडं शिकवा, हातातून फोन काढून घेऊ नका. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप आहे, एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं.

पांढरी काठी नुसती आणून देऊन उपयोग नाही, ती कशी वापरायची ते नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, अंधांसाठी काम करणारी संस्था) जवळच्या शाखेत विचारा. बाकी काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

लोकसभा-विधानसभेला ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट असलं किंवा वय ८५ च्या पुढे असलं तर घरून मत देता येतं, त्यासाठी फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा आपल्या भागातला कर्मचारी) द्यायचा.