जुनी मढी उकरा, झॉम्बी काढा: मॅजिकमध्ये ग्रेव्हयार्ड टोकन डेक कसा बांधायचा

मॅजिक या कार्डांच्या खेळात पहिल्यांदा हा डेक (खेळायच्या कार्डांचा संच) बांधला तेव्हा मोठ्या हौसेने त्यात ट्रॉमटाइझ नावाचं कार्ड टाकलं होतं. पाच मॅना (कार्ड खेळायची किंमत, जी लँड कार्डांतून मिळते) दिला, स्वतःचीच अर्धी लायब्ररी (ड्रॉ करायचा गठ्ठा) मिल केली, म्हणजे वरची चाळीसेक कार्डं एका झटक्यात ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या-मेलेल्या कार्डांच्या ढिगात), त्यात पंधरा-सोळा तरी क्रीचर (लढणारी कार्डं) होते, मनात म्हटलं आता पंधरा झॉम्बी येणार आणि टेबल गार होणार. आला एक. समोरच्याने शांतपणे माझंच कार्ड उचलून मला वाचून दाखवलं आणि तेव्हा कळलं की हा डेक मी पूर्ण उलटा बांधलाय.

तर आपण बोलतोय मॅजिक: द गॅदरिंगच्या कमांडर फॉरमॅटबद्दल, म्हणजे १०० कार्डं, बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड एकच, लाइफ ४०. कमांडर, म्हणजे डेकची म्होरकी, सिदीसी, ब्रूड टायरंट, २०१४ च्या खान्स ऑफ तार्किर सेटमधली. काळा, हिरवा, निळा असे तीन रंग, चार मॅनाची ३/३ (पहिला आकडा पॉवर म्हणजे मारा, दुसरा टफनेस म्हणजे सहनशक्ती). ती मैदानात आली किंवा तिने अटॅक केला की तुम्ही स्वतःची तीन कार्डं मिल करता. आणि दुसरी ओळ, जी मी नीट वाचली नव्हती: लायब्ररीतून तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये "एक किंवा जास्त" क्रीचर कार्डं गेली की एक २/२ झॉम्बी टोकन (डेकमधलं कार्ड नव्हे, मैदानात नव्याने तयार होणारं क्रीचर). एक किंवा जास्त गेली तरी झॉम्बी एकच! म्हणजे एका झटक्यात एक क्रीचर पडलं काय आणि पंधरा पडली काय, हिशोब तोच.

इथेच सगळी गोम आहे. तुम्ही किती कार्डं मिल करता यापेक्षा किती वेळा मिल करता हे महत्त्वाचं. कमांडर सोडून उरलेल्या ९९ कार्डांत ४० क्रीचर धरा. सहा कार्डं एकदम मिल केली तर जवळपास नक्की एक झॉम्बी मिळेल, पण एकच. तीच सहा कार्डं एकेक करून वेगवेगळ्या वेळी पडली तर सरासरी दोन-अडीच झॉम्बी. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण कुणीतरी या डेकसाठीच काढली असावी असं मला कधीकधी वाटतं.

आधी क्रीचरची संख्या ठरवा, बाकी सगळं नंतर. सिदीसीच्या तीन कार्डांत निदान एक क्रीचर असण्याची शक्यता डेकमध्ये २० क्रीचर असतील तर ५० टक्के, ३० असतील तर ६७ टक्के आणि ४० असतील तर ७९ टक्के. मी ४० च्या खाली जात नाही. लँड ३६ घेतले की उरतात फक्त २३ जागा, आणि मग लोक विचारतात की रॅम्प (मॅना लवकर वाढवणारी कार्डं) कुठे टाकू, रिमूव्हल (समोरच्याची कार्डं मारणारी) कुठे टाकू. उत्तर असं की प्रत्येक काम क्रीचरकडूनच करून घ्या. रॅम्पला साकुरा-ट्राइब एल्डर आणि वुड एल्व्ह्ज. क्रीचर मारायला श्रीकमॉ आणि रॅव्हनस चुपाकाब्रा, आर्टिफॅक्ट-एन्चान्टमेंट फोडायला रेक्लमेशन सेज, कार्डं काढायला मलड्रिफ्टर, गेलेलं कार्ड परत आणायला इटर्नल विटनेस, मिल झालेले लँड ग्रेव्हयार्डमधून खेळायला रामुनाप एक्स्कव्हेटर. स्पेल (एकदा वापरून संपणारं कार्ड) म्हणून हीच कामं थोडी स्वस्तात होतात हे मान्य, पण मिल झालेला रिमूव्हल स्पेल नुसता पडून राहतो आणि मिल झालेला चुपाकाब्रा जाता जाता झॉम्बी देऊन जातो, वर नंतर परतही आणता येतो.

आता मिल करणारी कार्डं, आणि इथे जरा वेळ घालवा कारण डेकचा जीव यातच आहे.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे डिरेंज्ड असिस्टंट आणि मिलिकिन. दोन्ही दोन मॅनाचे क्रीचर, टॅप करून (आडवं करून, म्हणजे त्या टर्नपुरतं वापरून) एक कार्ड मिल करा आणि एक रंगहीन मॅना घ्या. मॅनाही मिळतो, रोज एक थेंबही पडतो, आणि स्वतः मिल झाले तरी क्रीचरच. दिसायला फालतू, पण हात सुरू करायला यांच्याइतकं चांगलं काही नाही. मग स्टिचर्स सप्लायर, एक मॅना, आल्यावर तीन आणि मेल्यावर तीन, म्हणजे दोन वेगळे झटके. क्रो ऑफ डार्क टायडिंग्ज पण तसाच, दोन-दोन कार्डांचा, उडतो आणि स्वतः झॉम्बी आहे. हेड्रॉन क्रॅब असेल तर प्रत्येक लँडमागे तीन कार्डं, आणि इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्ससारखा लँड खेळलात तर तो येताना एकदा आणि तो सॅक करून (बळी देऊन) आणलेला लँड येताना दुसऱ्यांदा. सेटर वेफाइंडर सुरुवातीला लँडही हातात देतो म्हणून ठेवा.

आणि मग मेस्मेरिक ऑर्ब. दोन मॅनाचा आर्टिफॅक्ट, कुठलंही परमनंट (मैदानात राहणारं कार्ड किंवा टोकन) अनटॅप झालं (परत उभं केलं) की त्याच्या मालकाचं एक कार्ड मिल. एकदम नाही, प्रत्येक परमनंटमागे वेगळा ट्रिगर (आपोआप घडणारा परिणाम)! आठ परमनंट अनटॅप केलीत तर आठ वेगळे थेंब, ४० क्रीचरच्या डेकमध्ये सरासरी तीनेक झॉम्बी, तेही काही न करता, टर्न सुरू होतानाच. पुढच्या टर्नला ते झॉम्बी अटॅक करून टॅप होतात, मग तेही अनटॅप होतात, मग अजून थेंब. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा ऑर्ब सगळ्यांना मिल करतो, तेव्हा टेबलावर दुसरा कुणी ग्रेव्हयार्डवाला असेल तर तुम्ही त्याची सेवा करताय. आणि तो "करू शकता" असं म्हणत नाही, करावंच लागतं, त्यामुळे परमनंट वीसच्या वर गेली की लायब्ररी डोळ्यांदेखत संपते.

ड्रेजबद्दल (ड्रॉ करण्याऐवजी कार्डं मिल करून ते कार्ड ग्रेव्हयार्डमधून हातात घ्यायची सोय) विचारणारे खूप असतात. गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल ड्रॉच्या बदल्यात सहा कार्डं मिल करतो, स्टिंकवीड इम्प पाच, दोघेही क्रीचर आहेत म्हणून एकदोन ठेवले तर बिघडत नाही, पण सहा कार्डं म्हणजे शेवटी एकच झटका आणि त्यासाठी तुम्ही एक ड्रॉ सोडलात. डेकचा कणा म्हणून ड्रेज मला इथे पटत नाही.

झॉम्बी जमले, पुढे काय? नुसते २/२ घेऊन चार जणांच्या टेबलावर कुणी मरत नाही. डेथ बॅरन टाका, बाकीच्या झॉम्बींना +१/+१ आणि डेथटच (ज्या क्रीचरला डॅमेज करतील ते मरतं) मिळतो, मग ब्लॉक करायला कुणी पुढे येत नाही. डिरेग्राफ कॅप्टन पण +१/+१ देतो आणि दुसरा झॉम्बी मेला की एका विरोधकाचं एक लाइफ घेतो. त्याच्याबरोबर झुलापोर्ट कटथ्रोट आणि ब्लड आर्टिस्ट असले की अटॅक करताना विचारच करायचा नाही, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, झॉम्बी वाचला तर डॅमेज आणि मेला तर ड्रेन, म्हणजे समोरच्याचं लाइफ कमी.

माझ्या मते या डेकचं सगळ्यात भारी कार्ड मात्र आल्टर ऑफ डिमेन्शिया. क्रीचर सॅक करा, त्याच्या पॉवरइतकी कार्डं कुणालाही मिल करा, मॅना शून्य. लोक ते समोरच्याला मिल करायला वापरतात, तुम्ही स्वतःकडे वळवा. एक २/२ झॉम्बी सॅक केला, दोन कार्डं मिल झाली, त्यात क्रीचर असण्याची शक्यता ६५ टक्के, म्हणजे दर तीनपैकी दोन वेळा झॉम्बी परत उभा. दहा झॉम्बी घेऊन सुरुवात केली आणि लायब्ररी पुरली तर सरासरी अठ्ठावीसेक बळी जातात, आणि झुलापोर्ट कटथ्रोट मैदानात असेल तर प्रत्येक बळीमागे प्रत्येक विरोधकाचं एक लाइफ. वर पॅरलल लाइव्हज असेल तर टोकन दुप्पट येतात, मग झॉम्बी कमी होण्याऐवजी वाढायलाच लागतात. सर कॉनराड, द ग्रिम पण याच वेळी पाहिजे, दुसरं क्रीचर मेलं की सगळ्या विरोधकांना एक डॅमेज, लायब्ररीतून क्रीचर कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये पडलं तरी एक, आणि दोन मॅना देऊन प्रत्येकाचं एकेक कार्ड मिल करायची सोयही त्याच्यातच आहे. परत थेंब!

कॉम्बो आवडत असेल तर ग्रेव्हक्रॉलर, फायरेक्सियन आल्टर आणि ब्लड आर्टिस्ट. मैदानात एक झॉम्बी असेल तोवर ग्रेव्हक्रॉलर ग्रेव्हयार्डमधून एका काळ्या मॅनाला खेळता येतो, आल्टरवर सॅक करून तोच मॅना परत मिळतो, टेबल संपेपर्यंत फिरवत बसा. मी काढून टाकलाय, दोनदा जिंकल्यावर कंटाळा आला, पण ते ज्याचं त्याने बघावं.

टोकनच्या नियमात नवे लोक दरवेळी अडकतात. टोकन मेला की तो आधी खरोखर ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि मग नाहीसा होतो, म्हणून ब्लड आर्टिस्ट वगैरे ट्रिगर होतात. पण टोकन म्हणजे कार्ड नाही, ग्रेव्हयार्डमधली क्रीचर कार्डं मोजताना तो धरायचा नाही. हातात परत पाठवला की संपला. म्हणून सायक्लॉनिक रिफ्ट (लँड सोडून समोरच्याची कार्डं हातात परत पाठवणारं निळं कार्ड) ओव्हरलोडने, म्हणजे सात मॅना देऊन एकदम सगळ्यांवर, खेळलं की इतरांना फक्त उशीर होतो आणि तुमची अख्खी फौज पुसली जाते, तीही ड्रेन न होता. समोर निळा रंग असेल आणि सात मॅना मोकळा असेल तर सॅक आउटलेट (आल्टरसारखं, क्रीचर बळी देऊ देणारं कार्ड) मैदानात ठेवूनच पसारा वाढवा, रिफ्ट आलं की त्याला उत्तर म्हणून सगळे सॅक करून टाका.

ग्रेव्हयार्ड हेट (ग्रेव्हयार्ड बंद पाडणारी कार्डं) येणारच, पण सगळं हेट सारखं लागत नाही. बोजुका बॉगने ग्रेव्हयार्ड एक्झाइल झालं (खेळातून बाहेर गेलं) तरी त्यातून आधीच निघालेले झॉम्बी मैदानात उभेच असतात, नुसत्या रिअॅनिमेटर (ग्रेव्हयार्डमधून क्रीचर उठवणाऱ्या) डेकपेक्षा हा डेक मला आवडतो तो यासाठीच. ग्राफडिगर्स केज तर सिदीसीच्या टोकनला हातच लावत नाही. लेलाइन ऑफ द व्हॉइड फक्त कार्डं अडवतं, म्हणजे नवे झॉम्बी बंद, पण असलेले झॉम्बी मरताना ड्रेन देतात. खरं दुखणं रेस्ट इन पीस, ते कार्ड आणि टोकन दोन्ही एक्झाइल करतं, झॉम्बी "मरत"च नाहीत, सगळं ठप्प. त्याच्यासाठी रेक्लमेशन सेज हातात जपून ठेवा, दिसेल त्या मॅना रॉकवर (मॅना देणाऱ्या आर्टिफॅक्टवर) उडवू नका.

खेळताना घाई एकाच गोष्टीची करू नका, ती म्हणजे सिदीसी. रिकाम्या टेबलावर चौथ्या टर्नला आणली तर फार तर एक झॉम्बी. आधी असिस्टंट, क्रॅब किंवा ऑर्ब बसवा, मग पाचव्या-सहाव्या टर्नला आणा, म्हणजे मेली तरी तोवर काम झालेलं असतं. आणि मेली तर फार वाईट वाटून घेऊ नका, कमांडर टॅक्सचे (तिला पुन्हा खेळताना वाढणारे) दोन मॅना जास्त जातात पण येताना ती परत तीन कार्डं मिल करते.

टोकनसाठी खरी टोकन कार्डं वापरा आणि वर डाइस ठेवा, आणि या टर्नला आलेले झॉम्बी वेगळ्या ढिगात ठेवा, नाहीतर कोण अटॅक करू शकतो यावरून वाद होतात. लायब्ररी वीस कार्डांवर आली की दर टर्नला मोजायला लागा, रिकाम्या लायब्ररीतून ड्रॉ करायची वेळ आली की हरलात. त्यासाठी इलिक्झर ऑफ इमॉर्टॅलिटी एक ठेवा, ग्रेव्हयार्ड परत लायब्ररीत शफल होतं, आणि हो, ते मिल व्हायच्या आधी हातात यायला पाहिजे, माझ्या बाबतीत ते बहुतेक वेळा पहिल्या दहा कार्डांतच मिल झालेलं असतं.