जेसनमधून परत येताना काय बदलतं?
सोलापुरी चादरींच्या दुकानाचा हिशेब पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात साठवायची पद्धत) उतरवला आणि ‘चादर’च्या जागी बॅकस्लॅश-यूने सुरू होणाऱ्या कोडांची रांग दिसली, तरी डेटा शाबूत असतो. जेसन लिहिणाऱ्या डम्प फंक्शनला एन्शुअर_आस्की=फॉल्स सांगा, फाईल उघडताना यूटीएफ-८ एन्कोडिंग द्या (विंडोजवर तर आवर्जून), की देवनागरी सरळ दिसेल.

खरी गंमत परत वाचताना. डिक्शनरीत बिल नंबर १०१ ही ‘की’ (जिच्यावरून नोंद शोधतात ती खूण) आकडा म्हणून गेली, तरी येते स्ट्रिंग, म्हणजे मजकूर होऊन. मग बिल शोधून सापडत नाही, की-एरर मात्र मिळतो. टपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) साधी, बदलता येणारी लिस्ट होते. तारीख दिली तर डम्प टाईप-एररच देतं. डिफॉल्ट=एसटीआर (जे जमत नाही त्याची स्ट्रिंग कर) लिहिलं की तेवढ्यापुरतं भागतं, पण परत येतो तो नुसता मजकूर; त्याची तारीख करायला डेट.फ्रॉमआयसोफॉरमॅट वापरावं लागतं.