मुलांना ऑनलाइन एकत्र लिहायला लावताय? आधी या चुका टाळा

आमच्या इंदूरला रविवारच्या मराठी वर्गांत आता गूगल डॉक्स (एकाच फाइलमध्ये सगळ्यांना एकदम लिहिता येतं), पॅडलेट (सगळ्यांनी चिठ्ठ्या लावायचा ऑनलाइन फळा) असं काही ना काही वापरायला लागलेत आणि मला ते मनापासून आवडतं. रामबाग काय, लोकमान्य नगर काय, राजेंद्र नगर काय, आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजीत लिहितात, पण मराठीत सलग दहा ओळी लिहायची वेळच त्यांच्यावर येत नाही. मित्रमैत्रिणी शेजारी लिहितायत, आपलं कुणीतरी वाचतंय असं दिसलं की ती लिहितात. पण दर नव्या बॅचला तेच तेच घोळ होतात आणि मग ऐकायला मिळतं, "ताई, या ऑनलाइनच्या नादात मुलं काही लिहीतच नाहीत." मुलं लिहितात हो, आपण लिहू देत नाही.

सगळ्यात मोठा घोळ: एकच फाइल, खुली लिंक

ओळखीच्या एका सरांनी रंगपंचमी झाल्यावर वर्गाला "गेर" विषय दिला, म्हणजे रंगपंचमीला टँकरमधून रंग उडवत निघणारी आमची मिरवणूक. विषय झकास, कारण इंदूरच्या पोराला गेरबद्दल सांगायला काही नाही असं होतच नाही. पण सगळ्या वर्गाला मिळून एकच डॉक्युमेंट, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर, परमिशन "लिंक असेल त्या कुणालाही एडिट करता येईल" अशी, आणि साइन इन करा असं कुणाला सांगितलंच नाही. साइन इन न करता आलं की गूगल नावाऐवजी अनोळखी प्राणी दाखवतं, म्हणजे स्क्रीनच्या वर सगळं प्राणिसंग्रहालय भरलेलं आणि कोण काय लिहितंय ते सरांना कळेना.

त्यात एका मुलीनं लिहिलं होतं, "आजी म्हणाली मला नाही बघायची गेर, आणि गॅलरीला जुनी चादर बांधून आत बसली. टँकरचा आवाज आला तशी चादर तिनंच बाजूला केली." आठवीतली मुलगी! तेवढ्यात कुणीतरी सगळं सिलेक्ट करून त्यावर फॉरवर्ड आलेला विनोद पेस्ट केला. सरांनी कंट्रोल झेड दाबून बघितलं, काही झालं नाही, कारण शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये अनडू फक्त आपण स्वतः केलेले बदल मागे घेतो, दुसऱ्यानं उडवलेलं परत आणत नाही. मग सर म्हणाले, सगळ्यांनी परत लिहा. त्या मुलीनं परत लिहिलं. "गेर बघितली. खूप रंग होता. मजा आली." संपलं.

मला फोन आला तोपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. फाइल मेन्यूत व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या आधीच्या अवस्थांची नोंद असते (कंप्युटरवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच एकदम दाबलं तरी उघडते), त्यात आदल्या दिवशीचं सगळं शाबूत होतं. सर लगेच "रिस्टोर" दाबायला निघाले, त्यांना थांबवलं. रिस्टोर केलं की पूर्ण डॉक्युमेंट त्या वेळेला मागे जातं, म्हणजे नंतर बाकीच्यांनी लिहिलेलं समोरून गेलं आणि ते हिस्टरीत शोधत बसा. जुनं व्हर्जन नुसतं उघडायचं, हवा तेवढा परिच्छेद कॉपी करायचा आणि आजच्या फाइलमध्ये ठेवायचा. आजी परत आली, पण ती मुलगी नंतर बरेच दिवस वर्गात हात आखडता घेऊनच लिहायची.

माझी पद्धत अशी आहे, पटली तर घ्या. तिघांचा एक गट, प्रत्येक गटाची वेगळी फाइल, शेअर नावानिशी, ईमेल टाकून. तिघांच्या वर गेलं की एक लिहितो आणि बाकीचे फॉन्ट बदलत बसतात. वर्ग संपताना व्हर्जनला नाव देऊन टाकते, "रविवार पहिला मसुदा" असं काहीतरी, म्हणजे नंतर शोधाशोध नाही. एकेकट्यानं लिहायचं असेल तर गूगल क्लासरूममध्ये (वर्गाला ऑनलाइन काम द्यायची गूगलची सोय) "प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत" हा पर्याय असाइनमेंट पाठवायच्या आधी निवडायचा, पाठवून झाल्यावर तो मिळत नाही. हे सगळं करायला वेळ जातो, मान्य आहे. पण लिंक टाकून मोकळं व्हायची घाई असेल तर सरळ वहीत लिहून घ्या, ते बरं.

मूल लिहीत असताना त्याच्या ओळीत शिरणं

याचा मला खरंच राग येतो. मुलगा अर्धं वाक्य टाइप करतोय आणि ताईंचा कर्सर त्याच्या मागे मागे, ऱ्हस्वाचा दीर्घ, "मला जायचा आहे"चं "जायचं". त्याला ते सगळं समोर दिसतं. तो थांबतो, आपला कर्सर जाईपर्यंत वाट बघतो आणि मग सगळ्यात सोपं, न चुकणारं वाक्य लिहितो. "सजेशन मोडमध्ये करते ना मी" (म्हणजे बदल थेट न होता नुसती सूचना दिसते) असं सांगू नका, पानभर खाडाखोड आणि रंगीत ओळी दिसल्या की मुलासाठी ते सारखंच.

मुलं लिहितात तेव्हा मी फाइल बंद ठेवते. नंतर प्रत्येकाला एकच कमेंट, तीही प्रश्न. "चादर काढल्यावर आजी काय म्हणाली?" एवढंच. "छान", "गुड", अंगठा, यातलं काही नाही, कारण छान म्हटल्यावर मुलाला पुढे लिहायला काही उरत नाही, आणि प्रश्न विचारला की तो उत्तर लिहितोच. मुलांनाही एकमेकांना प्रश्नच विचारायला लावते. शुद्धलेखन पुढच्या रविवारी, आणि एका वेळी दोनच गोष्टी. ज्यांना पहिल्याच दिवशी निर्दोष मराठी हवंय त्यांनी जरा धीर धरावा, हिंदी वातावरणातलं मूल आहे ते.

बाकीचं थोडक्यात

कीबोर्ड हिंदीवर ठेवू नका. ऑटोकरेक्ट मराठी शब्दांचे हिंदी करून टाकतं आणि "वाऱ्यावर"चं "वार्यावर" होतं. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या मोबाइल कीबोर्डमध्ये, मराठी भाषा वेगळी जोडून घ्या, आणि ज्याला टाइप करायचा कंटाळा आहे त्याला मराठीत बोलून टाइप करू द्या, नंतर वाचून नीट करताना तो आपोआप लिहायला लागतो.

घरून कुणी कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलं तर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मुलाला परत लिहायला लावू नका, युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, तेवढं आपण करावं. जोडाक्षरं मात्र तपासून घ्या.

पॅडलेटवर लाइक बंद ठेवा, नाहीतर मुलं मजकूर वाचायचं सोडून आकडे मोजतात. आणि पोस्ट आधी शिक्षकांच्या मंजुरीला येईल ही सेटिंग चालू करा.

तेरा वर्षांखालच्या मुलांना खोटी जन्मतारीख टाकून खातं काढून देऊ नका. पालकांना फॅमिली लिंकमधून (मुलांची खाती पालकांच्या देखरेखीखाली ठेवणारी गूगलची सोय) काढायला सांगा.

नेट जाणार हे धरूनच चाला. गूगल डॉक्सची ऑफलाइन सेटिंग क्रोममध्ये आधी चालू करून ठेवावी लागते, नेट गेल्यावर उपयोग नाही.

आख्खा परिच्छेद एका क्षणात येऊन पडलाय असं हिस्टरीत दिसलं तर तो कुठून तरी उचललेला असू शकतो, किंवा वहीत लिहून मग आणलेला असू शकतो. सगळ्यांसमोर विचारू नका. शेजारी बसा, त्यातलंच एक वाक्य दाखवा आणि "हे मला तुझ्या शब्दांत सांग" म्हणा. जे सांगेल ते तिथल्या तिथे त्याच्याकडूनच टाइप करून घ्या.