डाव्या-उजव्या बाजूच्या ताकदीतला फरक कसा कमी करावा

व्यायामाला सुरुवात करून दोन-तीन महिने झाले की बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार, म्हणजे वजनाचा लांब दांडा, छातीवरून वर ढकलणे) करताना अनेकांच्या लक्षात येते, की बारचे उजवे टोक आधी वर पोहोचते आणि डावे मागे रेंगाळते. जो माणूस लिहितो उजव्या हाताने आणि पाण्याचा जारही नेहमी उजव्याच खांद्यावर घेतो, त्याच्या दोन्ही बाजूंत असा फरक असणे स्वाभाविक आहे. टेपने मोजल्यावर दोन्ही दंडांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आढळला, तर त्याची चिंता करू नये. वजन उचलताना जाणवणाऱ्या फरकाकडे मात्र लक्ष द्यावे.

पहिले काम म्हणजे पकड आणि उभे राहण्याची पद्धत तपासणे. बारवर दोन्ही बाजूंना कोरलेल्या खुणेच्या रेषा असतात. त्यांच्यापासून दोन्ही हात सारख्या अंतरावर आहेत ना, हे पाहावे. स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) करताना मित्राला मागून चित्रण करायला सांगावे, म्हणजे कंबर एका बाजूला सरकते का आणि एक पाऊल पुढे पडते का, ते स्पष्ट दिसते. पुष्कळदा दोष स्नायूत नसून या मांडणीतच असतो आणि ती सुधारली की निम्मे काम होते.

त्यानंतर फरक मोजावा. साधारण दहा वेळा उचलता येईल असे डंबेल घेऊन आधी एका हाताने रोइंग (पुढे वाकून वजन कमरेकडे ओढणे) करावे, तीन मिनिटे थांबून दुसऱ्या हाताने करावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. पायांसाठी गुडघ्याइतक्या उंच बाकावर एकेका पायाने चढून पाहावे.

फरक ठळक असेल तर काही आठवडे बारवरचे काही व्यायाम बाजूला ठेवून त्यांच्या जागी डंबेल प्रेस, एका हाताचे रोइंग, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) आणि बाकावर चढणे हे व्यायाम घ्यावेत. बार दोन्ही हातांत असला की बलवान बाजू नकळत जास्त भार उचलते. डंबेलमध्ये ती सोय राहत नाही. तालमीत मुद्गल एकेका हाताने फिरवतात, तेव्हाही प्रत्येक खांद्याला आपले काम स्वतःच करावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम: सेट (न थांबता सलग केलेली फेरी) नेहमी कमजोर बाजूने सुरू करावा आणि किती वेळा उचलायचे हेही तिलाच ठरवू द्यावे. समजा, आठव्या वेळी डावे कोपर थरथरू लागले आणि खांदा कानाकडे चढू लागला, तर तिथेच थांबावे. मग उजव्या हाताने तेच वजन आठच वेळा उचलावे, बारा वेळा सहज जमत असले तरी. हा संयम नवख्यांना फार जड जातो, कारण उजव्या बाजूचे नुकसान होईल अशी भीती वाटते. परंतु कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बरेच कमी काम पुरते. तीन-चार आठवड्यांनंतरही आकडे हलले नाहीत, तर कमजोर बाजूला एकच जादा सेट द्यावा. पहिल्याच दिवशी दुप्पट काम दिले तर ती बाजू केवळ थकते.

जोडीला एका हातात डंबेल धरून तीस-चाळीस पावले चालावे आणि धड वजनाच्या बाजूला झुकू देऊ नये.

एखाद्या हातापायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा सांध्यात वेदना असेल, अथवा एका बाजूची ताकद वेगाने घटत असेल, तर हे प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे; ताकद अचानक गेली असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

सहा ते आठ आठवड्यांनी तीच चाचणी त्याच वजनाने पुन्हा घ्यावी. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून वाढते. त्यामुळे वहीतले आकडे आधी जवळ येतात आणि दंडाचा घेर मागाहून बदलतो. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एखाद्याचाच फरक उरला की बारकडे परतावे, मात्र पूर्वीपेक्षा थोड्या कमी वजनाने, आणि आठवड्यातून निदान एक व्यायाम एकेका बाजूने करणे चालू ठेवावे.